संडासवाटे रक्त जातंय? मूळव्याध समजून अंगावर काढू नका; कोलोनोस्कोपीबद्दल सगळी माहिती

मढ (ता. जुन्नर) : परसाकडला रक्त दिसलं की आपल्याकडं पहिलं नाव निघतं मूळव्याधीचं. मग कुणी झाडपाला देतं, कुणी ‘बिना ऑपरेशन’च्या बोर्डाखाली नेतं आणि वर्ष निघून जातं. बऱ्याच जणांना मूळव्याधच असते. पण मोठ्या आतड्याच्या कॅन्सरचं लक्षणही असंच असतं. नुसतं सांगण्यावरून दोन्हींतला फरक कळत नाही, तपासावंच लागतं.

कुणी थांबू नये?
रक्त किंवा काळा संडास, काही आठवडे बदललेली सवय (कधी जुलाब, कधी कुंथणं), कारण नसताना वजन घटणं, पोटात गाठ लागणं, पुरुषाचं किंवा पाळी गेलेल्या बाईचं रक्त कमी होणं. घरात आई-वडील, भावंडांना हा कॅन्सर झाला असेल तर त्रास नसतानाही डॉक्टरांना विचारावं. सरकारी मोहिमेत तिशीनंतर तोंड, स्तन आणि गर्भाशयमुखाच्या कॅन्सरची तपासणी होते, आतड्याची त्यात नाही. त्यामुळं त्रास आपणच सांगायला हवा. बायाबापड्यांनी लाज धरू नये.

तपासणी कशी होते?
कॅमेरा असलेली लवचिक नळी गुदद्वारातून मोठ्या आतड्यात फिरवतात. साधारण अर्धा तास लागतो, गुंगीचं औषध देता येतं. आत कोंब (पॉलिप) दिसला तर बहुतेक वेळा तिथंच काढतात. कोंबाचा कॅन्सर व्हायला बहुधा दहाएक वर्षं जातात, म्हणून वेळेत काढलेला कोंब पुढचं दुखणं टाळतो.

आदल्या दिवशी काय?
हलकं खाणं, नंतर फक्त पातळ : पेजेचं पाणी, नारळपाणी, दूध न घातलेला चहा. लाल रंगाचं सरबत नको. पोट साफ करायचं औषध पाण्यात कालवून सांगितल्याप्रमाणं संपवायचं. आतडं साफ नसेल तर तपासणी वाया जाते. शुगरच्या, रक्त पातळ करायच्या आणि लोहाच्या गोळ्या चालू असतील तर आधीच सांगा. मनानं बंद करू नका. औषध घेतल्यावर वारंवार जावं लागतं, तेव्हा मढहून पहाटेची एसटी धरण्यापेक्षा आदल्या दिवशीच पुण्यात पाहुण्यांकडं मुक्कामाला जाणं बरं. सोबत माणूस हवाच. गुंगी दिली असेल तर त्या दिवशी गाडी चालवू नये.

जायचं कुठं?
सुरुवात प्राथमिक आरोग्य केंद्रातून. तिथं हिमोग्लोबिन तपासून घ्या, पुढची चिठ्ठी घ्या. आरोग्य विभागाच्या केंद्रांत आणि ग्रामीण रुग्णालयांत 15 ऑगस्ट 2023 पासून उपचार मोफत आहेत. कोलोनोस्कोपी मात्र मोठ्या दवाखान्यात होते; पुण्यात ससून रुग्णालय आहे. कॅन्सर निघाला तर महात्मा फुले जन आरोग्य योजनेत उपचार मिळतात. रेशनकार्ड, आधार जवळ ठेवा. हेल्पलाइन 155388. नुसत्या तपासणीचा खर्च योजनेत बसतो का, हे आरोग्यमित्राला आधीच विचारा.

नंतर लक्ष ठेवा
थोडा गॅस, पोट फुगणं चालतं. जोरात पोट दुखलं, ताप आला किंवा जास्त रक्त गेलं तर सकाळची वाट बघू नका. 108 ला फोन करा.