अमेरिकेतील ‘डीओ’ पदवी : प्रवेश अर्ज आणि मुलाखतीची तयारी कशी करतात?

भारतात एमडी ही एमबीबीएसनंतरची पदवी. अमेरिकेत मात्र डॉक्टर होण्यासाठी एमडी आणि डीओ अशा दोन समकक्ष पदव्या आहेत. डीओ म्हणजे ‘डॉक्टर ऑफ ऑस्टिओपॅथिक मेडिसिन’. अँड्र्यू टेलर स्टिल यांनी १८९२ मध्ये मिझुरी राज्यातील कर्क्सव्हिल येथे या शाखेचं पहिलं कॉलेज सुरू केलं.

डीओ आणि एमडी यांत फरक काय?

अमेरिकेतील डीओ डॉक्टर औषधं लिहून देतात, शस्त्रक्रियाही करतात. शिक्षणात स्नायू, हाडं आणि सांधे यांवर हाताने करायच्या उपचारांची जोड असते. ब्रिटनसारख्या देशांतील ‘ऑस्टिओपॅथ’ मात्र केवळ हाताने उपचार करतात. ते डॉक्टर नसतात.

अर्जासाठी काय लागतं?

बारावीनंतर थेट प्रवेश मिळत नाही. साधारणपणे आधी पदवी घ्यावी लागते आणि त्यात जीवशास्त्र, रसायनशास्त्र, भौतिकशास्त्र हे विषय प्रयोगशाळेसह लागतात. एमकॅट ही प्रवेश परीक्षा द्यावी लागते. तिचे गुण ४७२ ते ५२८ या दरम्यान असतात. रुग्णसेवेचा अनुभव आणि शिफारसपत्रंही पाहिली जातात. डीओ डॉक्टरसोबत राहून त्यांचं काम पाहिलेलं असणं आणि त्यांचं शिफारसपत्र मिळणं फायद्याचं ठरतं.

अर्ज कधी करावा?

‘अ‍ॅकोमास’ या एकाच ऑनलाइन अर्जातून अनेक कॉलेजांकडे अर्ज करता येतो. तो साधारण मे महिन्यात खुला होतो. त्यानंतर बरीच कॉलेजं स्वतःचा दुसरा अर्ज पाठवतात. बहुतेक ठिकाणी अर्ज येतील तसे तपासले जातात आणि जागा भरत जातात. त्यामुळे शेवटच्या तारखेची वाट पाहिली, तर चांगले गुण असूनही संधी हुकू शकते.

मुलाखतीत काय विचारतात?

‘डीओच का?’ हा प्रश्न जवळपास ठरलेला. ‘एमडीला प्रवेश मिळाला नाही तर हा पर्याय’ असं जाणवणारं उत्तर महागात पडतं. ‘संपूर्ण माणसावर उपचार’ हे वाक्य पाठ म्हणण्यापेक्षा डीओ डॉक्टरसोबत पाहिलेला एखादा प्रसंग सांगणं अधिक पटतं. काही कॉलेजांत एकामागून एक छोट्या मुलाखती होतात. त्यात एखादा नैतिक पेच दिला जातो. उमेदवार दोन्ही बाजूंचा विचार कसा करतो, हे तिथे पाहतात.

भारतीय विद्यार्थ्यांनी काय तपासावं?

अनेक डीओ कॉलेजं फक्त अमेरिकी नागरिक आणि ग्रीनकार्डधारकांनाच प्रवेश देतात. अमेरिकेत वाढलेल्या मराठी मुलांना ही अडचण सहसा येत नाही. पण भारतातून जाणाऱ्यांनी परदेशी विद्यार्थ्यांबाबतचा नियम, अमेरिकेतील कॉलेजात शिकल्याची अट आणि फीची तरतूद या तिन्ही गोष्टी एमकॅटची फी भरण्याआधीच पाहाव्यात.