नवी मुंबईच्या आराखड्यातील पाचवे उद्दिष्ट

#थ्रेड #इतिहास #नवी_मुंबई

१/ नवी मुंबईतील रहिवासी आपला पत्ता सांगताना आधी नोडचे नाव सांगतो आणि मग सेक्टरचा क्रमांक. सेक्टरचे क्रमांक नियोजनकारांनी दिले. वाशी, तुर्भे, नेरूळ, घणसोली, ऐरोली, बेलापूर, खारघर ही नावे मात्र शहराच्या आधीपासून तेथे असलेल्या गावांची आहेत. नियोजित शहर आणि ही गावे यांचे नाते कसे घडले, याचा हा आढावा.

२/ १९५१ साली बृहन्मुंबईची लोकसंख्या सुमारे ३० लाख होती. १९६१ साली ती साडेएकेचाळीस लाखांवर गेली आणि १९७१ साली साठ लाखांच्या जवळ पोहोचली. कचेऱ्या, बंदर आणि बाजारपेठा दक्षिण टोकाला एकवटलेल्या, तर नवी वस्ती उत्तरेकडे सरकत होती. तिन्ही बाजूंनी पाणी असलेल्या या चिंचोळ्या शहराला वाढण्यासाठी दुसरी दिशाच उरली नव्हती.

३/ पूर्वेकडे खाडीपलीकडे पाहण्याचा विचार जुना आहे. १९४८ साली नि. वि. मोडक आणि अमेरिकी नियोजनकार अल्बर्ट मेयर यांनी मुंबईच्या बृहत् आराखड्याची रूपरेषा मांडली, तेव्हाच मुख्य भूमीवरील वाढीची कल्पना पुढे आली होती. १९५८ साली नेमलेल्या स. गो. बर्वे यांच्या अभ्यासगटाने ठाणे खाडीवर पूल बांधण्याची शिफारस केली.

४/ १९६४ साली महापालिकेने शहराचा विकास आराखडा प्रसिद्ध करून सूचना व हरकती मागवल्या. त्याला तिघांनी पर्याय सुचवला: वास्तुरचनाकार चार्ल्स कोरिया व प्रवीणा मेहता आणि अभियंता शिरीष पटेल. मुल्कराज आनंद यांच्या ‘मार्ग’ या नियतकालिकाने १९६५ साली त्यांचा विचार सविस्तर छापला. उत्तर-दक्षिण ताणलेले शहर खाडीपलीकडे नेऊन बंदराभोवती वर्तुळाकार विस्तारावे, आणि राज्याच्या राजधानीची कार्यालयेही तेथे हलवावीत, अशी ती मांडणी होती.

५/ त्याच सुमारास राज्य शासनाने अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. मुंबईतील उद्योगांच्या वाढीला आळा घालावा आणि खाडीपलीकडे नियोजित वसाहती उभाराव्यात, असा तिचा कल होता. पुढे १९६६ चा प्रादेशिक व नगररचना अधिनियम आला, मुंबई महानगर प्रदेशासाठी नियोजन मंडळ स्थापन झाले आणि जुळ्या शहराची कल्पना शासकीय धोरण बनली.

६/ १७ मार्च १९७० रोजी ‘सिडको’ची स्थापना झाली. ठाणे, पनवेल आणि उरण तालुक्यांतील सुमारे ३४४ चौरस किलोमीटर क्षेत्र आणि ९५ गावे या प्रकल्पाच्या कक्षेत आली. ‘मार्ग’मध्ये कल्पना मांडणारे कोरिया या महामंडळाचे मुख्य वास्तुरचनाकार झाले. पटेल यांच्याकडे नियोजन व बांधकामाची जबाबदारी आली. स्वप्न पाहणाऱ्यांनाच ते उभारण्याची संधी मिळणे ही भारतीय नगररचनेच्या इतिहासातील दुर्मीळ घटना होय.

७/ १९७३ च्या विकास आराखड्यात पाच उद्दिष्टे नमूद होती. मुंबईच्या लोकसंख्यावाढीचा वेग रोखणे. राज्यभर उद्योगांचे विकेंद्रीकरण करण्याच्या धोरणाला साह्य करणे. सुविधांच्या बाबतीत समाजाच्या विविध थरांतील विषमता कमी करणे. रहिवाशांना शारीरिक व सामाजिक ताणांपासून मुक्त, समृद्ध जीवन जगता येईल असे वातावरण देणे. आणि पाचवे: मूळ रहिवाशांना प्रशिक्षण व सर्व शक्य सोयी देऊन नव्या शहराच्या आर्थिक-सामाजिक जीवनात पूर्णपणे सहभागी करून घेणे.

८/ या सगळ्यासाठी पैसा कोठून येणार होता? उत्तर होते जमीन. शेतीच्या दराने जमीन संपादित करायची, तीवर रस्ते, पाणी, मलनिस्सारण उभारायचे, विकसित भूखंड चढ्या दराने विकायचे आणि त्या नफ्यातून पुढची कामे व अल्प उत्पन्न गटाची घरे उभी करायची. भाववाढीचा लाभ सट्टेबाजांऐवजी समाजाला मिळावा, हा त्यामागचा विचार होता. तो प्रामाणिक होता. तथापि त्या हिशेबात जमिनीचा मूळ मालक फक्त पहिल्या टप्प्यावर दिसत होता.

९/ ही जमीन रिकामी नव्हती. आगरी आणि कोळी समाजाची ही वस्ती भातशेती, मिठागरे आणि खाडीतील मासेमारी यांवर जगत होती. येथील बरीच भातखाचरे भरतीचे पाणी अडवणारे बांध घालून खाऱ्या जमिनीतून काढलेली होती. बांधाला खांड पडली तर समुद्राचे पाणी शेतात शिरून पीक जाई. म्हणून बांधाची राखण हे एकेका घराचे नव्हे, गावाचे काम असे. सामुदायिक नियोजनाची ही एक जुनी रीत होती, फक्त तिचा आराखडा कागदावर नव्हता.

१०/ या परिसराला जमिनीसाठी झगडण्याचा इतिहासही होता. २५ सप्टेंबर १९३० रोजी उरण तालुक्यातील चिरनेर येथे जंगल सत्याग्रहींवर गोळीबार झाला. याच कुलाबा जिल्ह्यात, अलिबागजवळच्या चरी येथे नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली कुळांनी १९३३ पासून १९३९ पर्यंत खोतांविरुद्ध संप केला. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी या लढ्याला पाठिंबा दिला आणि १९३७ साली कायदेमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले.

११/ पुढे कूळकायदा आला. १ एप्रिल १९५७ हा ‘कृषक दिन’ ठरला. त्या दिवशी कसणारे कूळ कायद्याने जमिनीचे खरेदीदार मानले गेले. त्यानंतर अवघ्या तेरा वर्षांत, फेब्रुवारी १९७० मध्ये, नवी मुंबईसाठी भूसंपादनाची अधिसूचना निघाली. ज्या कुटुंबांना पिढ्यान्‌पिढ्यांच्या कुळवहिवाटीनंतर सातबाऱ्यावर स्वतःचे नाव पाहायला मिळाले होते, त्यांना ही अधिसूचना कशी वाटली असेल, हे या पार्श्वभूमीवर समजून घ्यावे लागते.

१२/ येथे एक कायदेशीर मुद्दा लक्षात घ्यावा. १८९४ च्या भूसंपादन कायद्यानुसार मोबदला ठरत असे तो प्राथमिक अधिसूचनेच्या तारखेच्या बाजारभावाने. प्रत्यक्ष निवाडे मात्र अनेक गावांत कितीतरी वर्षे रखडले. परिणामी शेजारी नवे शहर उभे राहत होते, भूखंडांचे दर वाढत होते, आणि शेतकऱ्याच्या जमिनीचा भाव १९७० सालीच थांबलेला होता.

१३/ या असंतोषाला नेतृत्व दिले ते दि. बा. पाटील यांनी. उरण तालुक्यातील जासई हे त्यांचे गाव. वकिलीचे शिक्षण घेतलेले, शेतकरी कामगार पक्षाचे आमदार व पुढे खासदार झालेले दि. बा. शहर होऊच नये असे म्हणत नव्हते. शहराच्या भरभराटीत भूमिपुत्रांचा वाटा किती, हा त्यांचा प्रश्न होता. मोबदल्याची रक्कम वाढवून मिळावी, आणि विकसित जमिनीचा हिस्सा मूळ मालकाला परत मिळावा, असा हा आग्रह होता.

१४/ १६ आणि १७ जानेवारी १९८४ रोजी उरण तालुक्यात संपादनाला विरोध करण्यासाठी हजारो शेतकरी, त्यांत मोठ्या संख्येने स्त्रिया, रस्त्यावर उतरले. पोलिसांनी केलेल्या गोळीबारात दोन दिवसांत पाच आंदोलक मृत्युमुखी पडले. त्या वेळी वसंतदादा पाटील मुख्यमंत्री होते. या हुतात्म्यांचे स्मरण आजही दरवर्षी जानेवारीत जासईला केले जाते.

१५/ या संघर्षाचे फलित म्हणजे साडेबारा टक्के योजना. १९९० साली शासनाने निर्णय घेतला आणि १९९४ साली त्यात सुधारणा झाली. संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के इतका विकसित भूखंड मूळ खातेदाराला द्यायचा, असे तिचे सूत्र होते. सामाजिक सुविधांसाठीची ३.७५ टक्के कपात वजा जाता प्रत्यक्षात ८.७५ टक्के हाती येत. आकडा लहान दिसतो, पण तत्त्व मोठे होते: भाववाढीत मूळ मालकही भागीदार आहे, हे राज्याने मान्य केले.

१६/ तरीही योजनेला मर्यादा होत्या. ती खातेदाराच्या जमिनीवर आधारलेली होती. ज्यांच्या नावावर जमीन नव्हती, त्या मिठागरातील मजुराला किंवा खाडीवर पोट असलेल्या मच्छीमाराला तिच्यातून फारसे काही मिळणार नव्हते. अनेक कुटुंबांनी मिळालेले भूखंड बांधकाम व्यावसायिकांना विकले. जुनी गावठाणे नियोजित सेक्टरांच्या मधोमध बेटांसारखी उरली. कुटुंबे वाढली, पण गावठाणाची हद्द तीच राहिली, आणि त्यातून ‘गरजेपोटी बांधलेल्या घरांचा’ अद्याप गाजणारा प्रश्न उभा राहिला.

१७/ इतर उद्दिष्टांचे काय झाले? राजधानीची कार्यालये खाडीपलीकडे गेलीच नाहीत. उलट सत्तरच्या दशकात नरिमन पॉइंटला भराव घालून नवी कार्यालये उभी राहिली आणि दक्षिण मुंबईचे आकर्षण वाढले. खाडीपूल १९७० च्या दशकाच्या आरंभी सुरू झाला, परंतु मानखुर्द-वाशी लोकल धावायला १९९२ साल उजाडले. त्या रेल्वेचा दोन-तृतीयांश खर्च सिडकोने उचलला. प्रारंभीची वीस वर्षे शहर मंदगतीने का वाढले, याचे उत्तर बऱ्याच अंशी येथे आहे.

१८/ यशाची बाजूही नोंदवली पाहिजे. बेलापूरच्या आर्टिस्ट्स व्हिलेजमध्ये कोरियांनी सुमारे साडेपाच हेक्टरांत साडेपाचशे कुटुंबांसाठी कमी उंचीची, लहान चौकांभोवती गुंफलेली, गरजेनुसार वाढवता येणारी घरे रचली. श्रीमंत आणि अल्प उत्पन्न गट यांच्या भूखंडांत फार मोठे अंतर ठेवले नाही. विषमता कमी करण्याचे तिसरे उद्दिष्ट नकाशावर कसे उतरते, याचे हे उदाहरण. २०११ च्या जनगणनेत नवी मुंबई महापालिकेची लोकसंख्या ११ लाखांहून अधिक भरली.

१९/ पुढे विमानतळ प्रकल्पातील बाधितांसाठी साडेबावीस टक्के विकसित जमिनीचे सूत्र स्वीकारले गेले. विमानतळाला दि. बा. पाटील यांचे नाव द्यावे यासाठी जून २०२१ मध्ये भूमिपुत्रांनी मानवी साखळी केली, आणि २०२२ साली राज्य विधिमंडळाने तसा ठराव संमत केला. साडेबारा ते साडेबावीस या प्रवासामागे चाळीस वर्षांचा संघर्ष उभा आहे.

२०/ नवी मुंबईचा इतिहास पुष्कळदा तीन द्रष्ट्यांची कथा म्हणून सांगितला जातो. ती कथा खरी आहे, पण अर्धी. स्थानिकांना सहभागी करून घेण्याचे मूल्य १९७३ च्या आराखड्यात स्पष्ट लिहिलेले होते. ते प्रत्यक्षात किती उतरले, हे मात्र आराखड्याने ठरवले नाही. ते उरण-पनवेलच्या शेतकऱ्यांनी मोर्चे काढून, खटले लढवून आणि पाच जीव गमावून ठरवले. शहराच्या निर्मात्यांची यादी करताना त्यांची नावेही तीत असायला हवीत.

(थ्रेड समाप्त)