वरातीतला सॅक्सोफोन

परभणीच्या स्टेशन रोडवरून लग्नाची वरात निघाली, की बँडमध्ये क्लॅरिनेट आणि ट्रम्पेटच्या जोडीला कधीकधी एखादा सॅक्सोफोनही दिसतो. अशाच एका वरातीत 'आराधना'मधले किशोरकुमारचे ते पावसातल्या रात्रीचे गाणे चालले होते. मुखडा संपला आणि सॅक्सोफोनवाल्याने मधला पीस जसाच्या तसा वाजवला. वरात मंगल कार्यालयाशी थांबल्यावर मी त्याला विचारले, "हा पीस कुणाचा?" तो म्हणाला, "बर्मनसाहेबांचा."

उत्तर अर्धे बरोबर होते. १९६९च्या त्या चित्रपटाचे संगीतकार सचिनदेव बर्मन. पण सॅक्सोफोनवर तो पीस वाजवला होता मनोहारी सिंग यांनी. रेडिओवर गाण्याआधी गायक, गीतकार, संगीतकार आणि चित्रपट अशी चार नावे ऐकत आपण वाढलो. पाचवे नाव कुणी घेत नसे. या लेखात त्या पाचव्या नावाचा माग काढायचा आहे.

सॅक्सोफोन हे मुळात बँडसाठीच घडवलेले वाद्य. बेल्जियमच्या अडॉल्फ सॅक्स यांनी १८४६मध्ये पॅरिसला त्याचे पेटंट घेतले, तेव्हा त्यांच्या डोळ्यांसमोर लष्करी बँड होते. पुढे अमेरिकेत जॅझने ते उचलले आणि त्याला नवा आवाज दिला. आपल्याकडे हे वाद्य दोन वाटांनी रुजले. एक वाट पलटणींच्या आणि संस्थानांच्या बँडमधून रस्त्यावर आली. दुसरी मुंबई-कलकत्त्याच्या हॉटेलांतल्या नाचाच्या दिवाणखान्यात गेली. मनोहारी सिंग या दोन्ही वाटा चालले, म्हणून त्यांचे चरित्र मला महत्त्वाचे वाटते.

त्यांचा जन्म ८ मार्च १९३१चा, कलकत्त्याच्या एका नेपाळी कुटुंबातला. हुगळीकाठच्या बाटानगरात बाटा कंपनीचा बूट-चपलांचा कारखाना होता आणि कारखान्याचा स्वतःचा ब्रास बँड होता. लहान वयातच मनोहारी त्या बँडमध्ये दाखल झाले. बँडचे संचालक होते जोसेफ न्यूमन नावाचे हंगेरियन गृहस्थ. पाश्चात्त्य स्वरलिपी वाचण्याची शिस्त मनोहारींना तिथे लागली. बासरी, क्लॅरिनेट असे करत ते सॅक्सोफोनपर्यंत पोहोचले. पुढे एचएमव्हीच्या ध्वनिमुद्रणांत वाजवणे सुरू झाले आणि रात्री चौरंगीवरच्या फिरपोज रेस्तराँत. ऐकणाऱ्यांच्या पावलांना ताल देत, आयत्या वेळी सुचेल ते वाजवण्याची सवय या रात्रींनी लावली. चपलांच्या कारखान्यात वाचन शिकलेला वादक नाइट क्लबात न वाचता वाजवायला शिकला.

इकडे मुंबईत जॅझवाल्यांचे दिवस पालटले होते. १९४९च्या दारूबंदी कायद्याने हॉटेलांची रात्रीची रया गेली आणि तिथल्या वादकांना चित्रपटसंगीताचा आधार घ्यावा लागला. यातले बहुतेक गोव्याचे. चर्चच्या शाळेत स्वरलिपी शिकलेले. आपल्या बहुतेक संगीतकारांना चाल सुचे, पण पन्नास-साठ वादकांसाठी ती कागदावर उतरवणे हे वेगळे काम होते. ते सेबॅस्टियन डिसोझा, फ्रँक फर्नांड, अँथनी गोन्साल्विस अशा मंडळींनी केले. पुणतांब्यात जन्मलेल्या सी. रामचंद्रांच्या मागे चिक चॉकलेट हा आल्दोन्याचा ट्रम्पेटवादक उभा होता. १९५१च्या 'अलबेला'तला जॅझचा झगमगाट मराठी माणसाच्या चालीतून आणि गोवेकराच्या संयोजनातून आला.

सलील चौधरींच्या सांगण्यावरून १९५८मध्ये मनोहारी मुंबईत आले. सचिनदेव बर्मन यांच्या 'सितारों से आगे'पासून त्यांचे येथील काम सुरू झाले. त्यांचे वेगळेपण समजण्यासाठी १९६५चा 'गाईड' पुन्हा ऐकावा. देव आनंद वहिदा रहमानला साथीचे वचन देतो, ते रफींचे संथ गाणे. त्यात सॅक्सोफोन गायकाच्या ओळीनंतर थांबून उत्तर देतो. या वाद्याला चाव्या असतात. चावी दाबली की ठरावीक स्वर येतो. दोन स्वरांमधली मींड काढायची, तर ओठांचा दाब आणि श्वास यांवरच भिस्त. मनोहारींनी तिथे ठेवलेली सरक आणि स्वराच्या टोकाला सोडलेला श्वास ऐकला, की हिंदुस्थानी कानाला ते वाद्य परके वाटत नाही. ही किमया बँडच्या शिस्तीतून आलेली नाही आणि नुसत्या जॅझमधूनही नाही.

१९६८मध्ये शंकर-जयकिशन यांची 'राग जॅझ स्टाइल' ही तबकडी निघाली. तोडी, भैरव, मालकंस, कलावती असे अकरा राग. रईस खाँ यांची सतार, मनोहारींचा सॅक्सोफोन, जॉन परेरा यांचा ट्रम्पेट, लेस्ली गोदिन्हो यांचे ड्रम्स. त्याआधी दोनच वर्षे लंडनमध्ये कलकत्त्याचे जॉन मेयर आणि जमैकात जन्मलेले सॅक्सोफोनवादक जो हॅरियट यांनी राग आणि जॅझ एकत्र आणणारी तबकडी काढली होती. म्हणजे आपला प्रयोग जगापासून तुटलेला नव्हता. तिकडे हॅरियट यांचे नाव तबकडीच्या दर्शनी भागावर होते. आपल्याकडे तो मान संगीतकारांचा आणि सतारवादकाचा.

याच काळात गोव्यातल्या नेवऱ्याचे ब्राझ गोन्साल्विस यांनी वेगळा मार्ग धरला. ते जॅझचेच राहिले. १९७०मध्ये 'रागा रॉक' ही स्वतःच्या नावाची तबकडी त्यांनी केली. तिचे श्रोते मोजके होते, पण त्यांना वादकाचे नाव ठाऊक होते. मनोहारींचे ऐकणारे कोट्यवधी, आणि नाव जाणणारे मूठभर. यात कोण शहाणा ठरला, हे ठरवण्याचा अधिकार मला नाही. पोटासाठी निवडलेल्या रस्त्यावरही माणूस केवढे काम करून जातो, एवढे मात्र दिसते.

राहुलदेव बर्मन यांच्या चमूत मनोहारी, बासू चक्रवर्ती आणि मारुतीराव कीर हे तीन आधारस्तंभ होते. वाद्यमेळाची बांधणी पहिल्या दोघांकडे, तालाची बाजू मारुतीरावांकडे. १९७६च्या मेहमूद यांच्या 'सबसे बडा रुपैया'ला 'बासू-मनोहारी' या नावाने संगीत देण्याची संधी मिळाली, आणि ते पाचवे नाव संगीतकाराच्या जागी पडद्यावर झळकले. पण संगीतकार म्हणून त्यांची कारकीर्द फार फुलली नाही. ज्या कामाला नाव मिळाले ते लोक विसरले आणि ज्याला मिळाले नाही ते लोकांना पाठ आहे.

पुढे सिंथेसायझर आला. साठ वादकांचे काम एक माणूस बोटांवर करू लागला आणि स्टुडिओतल्या खुर्च्या रिकाम्या झाल्या. मनोहारी मात्र जुन्या गाण्यांच्या कार्यक्रमांत रंगमंचावरून वाजवत राहिले. तिथे निवेदक त्यांचे नाव घेत आणि लोक टाळ्या वाजवत. १३ जुलै २०१० रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले.

कारखान्याच्या बँडमधून निघालेला सूर नाइट क्लब आणि स्टुडिओ असा फिरून पुन्हा आमच्या रस्त्यावरच्या बँडमध्ये आला आहे. इथला वादक रेकॉर्ड पुन्हापुन्हा ऐकून तो पीस बसवतो. वाद्य गळ्यात अडकवून, जनरेटरच्या आवाजात, चालत चालत वाजवतो. त्या वरातीत मी त्याला मनोहारी सिंग यांच्याविषयी सांगितले. त्याने ते नाव दोनदा उच्चारून पाहिले आणि पुढच्या गाण्यासाठी वाद्य उचलले.

घरी आल्यावर ध्यानात आले, की पीस कुणाचा हे मी विचारले. वाजवणाऱ्याचे नाव विचारायचे राहून गेले. आपल्या जिल्ह्यातल्या बँडवाल्यांची नोंद कुणी ठेवलेली माझ्या पाहण्यात नाही. यंदाच्या लग्नसराईत वही घेऊन निघायचे ठरवले आहे.