काजू फेणी : चवीची आणि मोलाची पारख

काजूच्या बोंडांच्या रसापासून गोव्यात गाळल्या जाणाऱ्या या मद्यास २००९ साली भौगोलिक मानांकन लाभले. झाडाखाली गळून पडलेली पिकी बोंडे वेचून मळतात. रस नैसर्गिकरीत्या आंबला की भट्टीवर चढवितात. पहिल्या ऊर्ध्वपातनातून सौम्य हुर्राक आणि दुसऱ्यातून फेणी मिळते. फेणीत मद्यार्काचे प्रमाण सुमारे ४२ टक्के असते.

जाणकार फेणी उंचावरून पेल्यात ओततात. मोत्यांसारखे बुडबुडे उठून क्षणभर टिकले, तर ती पुरेशी कडक मानली जाते. मात्र ही कसोटी तीव्रतेची आहे, शुद्धतेची नव्हे. शुद्धतेसाठी थेंबभर फेणी तळहातावर चोळून हुंगावी. मद्यार्क उडून गेल्यावर पिक्या बोंडाचा गंध मागे राहावा. नुसता स्पिरिटचा दर्प आल्यास भेसळीचा संशय घ्यावा.

बोंडे लवकर नासतात, हंगाम उन्हाळ्यापुरताच असतो आणि दोनदा गाळल्यावर पुष्कळ रसाची थोडीच फेणी हाती येते. त्यामुळे उत्तम फेणीला रास्त दर मोजावा लागतो. अतिस्वस्त मिळाल्यास मात्र शंका घ्यावी. भेसळीची किंमत पिणाऱ्याची प्रकृती आणि प्रामाणिक भट्टीवाल्याचा संसार, अशी दोन्हीकडे मोजावी लागते.