बांध आधीं, वाटा मागून

पृथ्वीचें तापमान वाढत आहे आणि सागराची पातळी चढत आहे, ही वार्ता आतां कोणास नवी राहिलेली नाहीं. तिच्यावरील उपायांचा विचार निघाला म्हणजे आपल्याकडील सुशिक्षितांचें लक्ष प्रथम विजेच्या दिव्यांकडे जातें. २०१५ सालापासून केंद्र सरकारनें एल. ई. डी. दिवे स्वस्त दरांत घरोघर पोंचविले, तें योग्यच झालें. परंतु तेलाचा एक थेंब न जाळतां समुद्राला शेताबाहेर थोपवून धरणारी एक योजना आपल्या गोमंतकांत शतकानुशतकें चालत आलेली आहे, आणि तिचीं दारें लाकडाचीं असलीं तरी तिचा खरा आधार कायद्याचा होता, याकडे मात्र फारसें कोणाचें लक्ष जात नाहीं. खाजन शेती आणि तिची मानस ही ती योजना होय.

मांडवी, जुवारी आणि त्यांना जोडणारा कुंभारजुव्याचा कालवा यांच्या कांठच्या खाजन जमिनी भरतीच्या पातळीपेक्षां खालीं, पण ओहोटीच्या पातळीपेक्षां वर आहेत. सबंध गोव्यांत त्यांचें क्षेत्र सुमारें १८,००० हेक्टर सांगतात. नदीकडील बांध जांभ्या दगडाचा, आंतले बांध चिखलाचे, आणि बांधाला ठेवलेल्या तोंडांत मानशीचीं दारें. भरती चढूं लागली कीं बाहेरचें पाणी दार दाबून बंद करतें. ओहोटी लागली कीं आंतलें पाणी तेंच दार ढकलून बाहेर पडतें. दार कोणी उघडावयाचें नाहीं, कोणी लावावयाचें नाहीं! मानशीच्या आंत पोंय, आणि पोंयीहून किंचित् उंचावर भातशेतें. पावसाळ्यांत गोडें पाणी मातींतील मीठ धुऊन नेतें आणि खारेपणा सोसणारें कोरगुटासारखें भात तेथें पिकतें.

समुद्राशीं झगडून जमीन मिळविणारें राष्ट्र म्हणून हॉलंडचें नांव सर्वतोमुखीं आहे. तेथील लोकांनीं आरंभीं पवनचक्क्या लावल्या, आणि हार्लेमचें विस्तीर्ण सरोवर तर १८४९ ते १८५२ या काळांत तीन प्रचंड वाफेच्या यंत्रांनीं उपसून कोरडें केलें. तेथली जमीन समुद्रसपाटीहून इतकी खालीं आहे कीं पंप थांबले म्हणजे ती बुडालीच. आमच्या पूर्वजांनीं जेवढें ओहोटी वाहून नेईल तेवढ्याच पाण्यावर आपला संसार बसविला. यांत शहाणपण किती आणि दुसरा इलाजच नव्हता हें किती, याचा वाद आम्ही घालीत नाहीं. इंधन वांचलें, एवढें खरें.

ही योजना किती जुनी? नागेश-महालक्ष्मीच्या बांदिवड्याशीं निगडित असा कोकणच्या मौर्यांपैकीं अनिर्जितवर्मा याचा, सहाव्या शतकाच्या सुमाराचा ताम्रपट आहे. त्यांत खाजन जमिनीचा आणि बांध घालून ती समुद्रापासून राखण्याचा उल्लेख आलेला आहे. पोर्तुगीज आले तेव्हां गांवकरीची संस्था पूर्ण वयांत आलेली होती. अफोंसो मेशिया यानें १६ सप्टेंबर १५२६ रोजीं जो फोराल काढला, तो नवा कायदा नव्हे. तिसवाडीच्या गांवकारांचे जुने रीतिरिवाज त्यानें लिहून घेतले. पुढें १५४१ सालीं त्याच तिसवाडींतील देवळांच्या जमिनींचें उत्पन्न ख्रिस्ती मिशनाकडे वळविलें गेलें. हळूहळू तिसवाडी, साष्टी आणि बारदेशांतील देव नदी ओलांडून अंत्रुजांत गेले. बांध मात्र उचलून नेतां येत नाहीं. तो तेथेंच राहिला, आणि धर्म बदललेले व न बदललेले असे दोन्ही हात त्यावर चिखल टाकीत राहिले.

गांवकरीच्या हिशेबांतील क्रम आम्हां वकिलांना विशेष मोलाचा वाटतो. सामाईक जमिनीचें जें उत्पन्न येई, त्यांतून प्रथम राजाचा कर, मग गांवाचे खर्च, म्हणजे देवालय, वाटा, बांध आणि मानशी. हें सर्व भागल्यावर जें उरेल तें गांवकारांमध्यें 'जण' म्हणून वांटलें जाई. बांधाचा खर्च हा नफ्यांतून द्यावयाची देणगी नव्हती. उत्पन्नावरचा तो पहिल्या हक्काचा बोजा होता. ज्या वर्षीं बांध फुटे त्या वर्षीं प्रत्येकाचा जण घटे, आणि म्हणूनच प्रत्येकाचा डोळा बांधावर असे.

या व्यवस्थेचे गोडवे गातांना एक गोष्ट विसरतां कामा नये. जण घेणारे होते कांहीं ठराविक घराण्यांतील पुरुष. चिखलाची पाटी डोक्यावर वाहणारे कुणबी आणि मुंडकार यांना त्या सभेंत शब्द नव्हता. स्त्रियांना तर नव्हताच. तेव्हां १९६४ चा कूळ कायदा आणि कसणाऱ्यास मालक करणारी १९७६ ची पांचवी दुरुस्ती यांना आम्ही अन्याय म्हणणार नाहीं. तो एक जुना हिशेब चुकता झाला.

पण त्या हिशेबांत बांधाचा रकाना कोठें राहिला? शेत ज्याचें त्याचें झालें, बांध मात्र सर्वांचाच राहिला. कायदा करणाऱ्यांस हें दिसलें नव्हतें असें नाहीं. बांध-मानशीचें रक्षण ही कुळांची संयुक्त जबाबदारी ठरवून १९७५ च्या नियमांनीं कुळांचे संघ स्थापिले आणि त्यांवर मामलेदाराची देखरेख ठेवली. कागदावर व्यवस्था निर्दोष आहे. तथापि जो शेत कसतो त्यालाच बांधाची धास्ती असते, आणि पुष्कळ खाजनांत आज शेत कसणाराच उरलेला नाहीं. मुलें नोकरीला गेलीं, मजुरी परवडेना. मग संघाचें ठळक उत्पन्न उरलें मानशीवरील मासेमारीच्या पावणीचें. पावणी घेणाऱ्यास भात नको असतें, मासळी आणि कोळंबी हवी असते. तीसाठीं भरतीच्या वेळीं दार उघडें ठेवलें कीं पाणी जोरानें आंत घुसून बांधाचा पाया खाऊन टाकतें. एकदां शेतांत मीठ चढलें म्हणजे तें उतरण्यास कांहीं पावसाळे जावे लागतात. तोंवर तेथें खारफुटी उगवते. खारफुटी तोडण्यास कायद्याची मनाई आहे, आणि बांधाबाहेर ती लाटांचा मार सोसते व चिखलांत कर्ब सांठवून ठेवते म्हणून ती मनाई इष्टच आहे. पण शेताच्या मधोमध ती एकदां वाढली कीं मालकाला आपल्याच शेतांत कोयता चालवितां येत नाहीं. २०११ च्या किनारा नियमन अधिसूचनेनें खाजनांचे नकाशे करावे, व्यवस्थापनाची योजना आंखावी आणि तेथें बांधकामें होऊं देऊं नयेत, असें गोव्यापुरतें खास सांगितलें. अधिसूचना चिखल टाकीत नाहीं, हें काय सांगावें!

आणि आतां समुद्र. १९०१ ते २०१८ या काळांत जगांतील समुद्राची सरासरी पातळी २० सेंटिमीटरांनीं चढली आणि तो चढण्याचा वेग वाढत आहे. बांध दोन वीत उंच केला म्हणजे भागेल असें कोणी म्हणेल. पण मानशीचें सारें कसब ओहोटीवर आहे. बाहेरचें पाणी आंतल्याहून खालीं जातें तेवढा वेळच दार उघडतें. समुद्र जसजसा चढेल तसतसा तो वेळ आंखूड होत जाईल आणि श्रावणांतला पाऊस शेतांतच तुंबेल. मग हॉलंडप्रमाणें पंप बसवावे लागतील, त्यांना डिझेल किंवा वीज लागेल. तापमानवाढीपासून शेत वांचविण्यासाठीं आणखी इंधन जाळावयाचें, असा हा फेरा आहे. तो आजच सुरू झालेला नाहीं, आणि जेथें बांध धड आहेत, पोंय गाळानें भरलेली नाहीं, तेथें तो पुष्कळ वर्षें लांबवितां येईल.

त्यासाठीं जुना क्रम पुन्हां आणावा, एवढेंच आमचें म्हणणें आहे. जुनी गांवकरी नव्हे. हॉलंडांत ऱ्हाइनलंडच्या पाणी-मंडळाला १२५५ सालीं सनद मिळाली, तें मंडळ आजही जमीनदार-रहिवाशांकडून कर घेऊन बांध राखतें. आपल्याकडे मानशीच्या पावणीच्या करारांत दोन कलमें घालतां येतील: भरतीच्या वेळीं दार उघडें आढळल्यास पावणी रद्द, आणि आलेल्या रकमेंतून बांधाचा ठराविक हिस्सा प्रथम बाजूला, बाकीची वांटणी मागाहून. आमच्या समजुतीप्रमाणें यास नवा कायदा लागत नाहीं, संघाच्या सभेचा ठराव पुरतो. आपल्या देवस्थानांच्या महाजनांपैकीं कित्येकांचीं नांवें खाजनांच्या एक-चौदाच्या उताऱ्यांवर आहेत. उत्सवांत देवाच्या प्रसादाची पावणी होते तेव्हां ही मंडळी सभामंडपांत पुढें बसून बोली चढवितात. मानशीच्या पावणीला मात्र बहुधा तिघे-चौघेच येतात आणि ती त्यांच्याच सह्यांनीं उरकते.