श्वानसख्य

डहाणू तालुक्यांतील कैनाडसारख्या गांवीं एखाद्या वारली पाड्यावर संध्याकाळच्या सुमारास जाणाऱ्या पाहुण्याचें पहिलें स्वागत घरचा धनी करीत नाहीं. तें अंगणांत पडलेलें कुत्रें करतें. त्याला कुळ नाहीं, शीळ विचारावें असें कोणाला वाटत नाहीं, आणि पुष्कळदां त्याच्या गळ्यांत पट्टाहि नसतो. तरीहि धनी घरांतून बाहेर येऊन एक शब्द बोलला कीं तें शांत होतें आणि त्याच्या पायांशीं येऊन बसतें. पाहुणा परका कीं आपला, हा निवाडा त्यानें धन्याच्या आवाजावरून केलेला असतो. कुडाच्या भिंतीवर तांदळाच्या पिठानें रेखलेल्या वारली चित्रांतहि शिकाऱ्याच्या बरोबरीनें धांवणारा हा प्राणी आढळतो. त्याच समाजाची वाघदेवावर श्रद्धा आहे. गांवाच्या शिवेवर वाघदेव आणि अंगणांत कुत्रें, अशी ही मांडणी आहे. आणि रानांतून येणाऱ्या बिबट्याचें सर्वांत सोपें भक्ष्य हें कुत्रेंच असतें, हें ध्यानांत घेतलें म्हणजे त्या अंगणांतील पहाऱ्याची किंमत कळते.

इतिहासानें घोड्यांचीं नांवें जपलीं, हत्तींचीं जपलीं. कुत्र्यांविषयीं मात्र तो बहुधा मुका राहिला. त्याचें कारण उघड आहे. घोडा आणि हत्ती हीं राज्याचीं साधनें होतीं, त्यांची नोंद खर्चाच्या वहींत होई. कुत्र्यानें मनुष्याला जें दिलें तें वहींत लिहितां येण्याजोगें नव्हतें. ह्या न लिहिलेल्या देण्याचा मागोवा घ्यावा, एवढाच ह्या लेखाचा हेतु आहे.

हें नातें शेतीहून जुनें आहे. जर्मनींत बॉन शहराजवळ ओबरकासेल येथें १९१४ सालीं एक थडगें सांपडलें. त्यांत एक पुरुष, एक स्त्री आणि त्यांच्याजवळ एका कुत्र्याच्या पिलाचीं हाडें होतीं. हें दफन सुमारें चौदा हजार वर्षांपूर्वींचें आहे. अलीकडे त्या पिलाच्या दांतांची तपासणी झाली, तेव्हां तें बरेच आठवडे जीवघेण्या आजारांत होतें आणि मनुष्यानें शुश्रूषा केल्यावांचून तें तितके दिवस जगलें नसतें, असा निष्कर्ष संशोधकांनीं काढला. आजारी पिलाकडून शिकार होत नाहीं कीं पहारा होत नाहीं. मग त्याला कोणीं आणि कशासाठीं जपलें? कुत्रें उपयोगी म्हणून माणसानें पाळलें हें खरें असेल. परंतु तें केवळ उपयोगासाठीं पाळलें नाहीं, ह्याची साक्ष ह्या थडग्याइतकी जुनी आहे.

आपल्या परंपरेंत ह्या प्राण्याविषयीं मन दुभंगलेलें दिसतें. वेदांत सरमा ही देवांची दूती आहे. महाभारताच्या महाप्रस्थानिक पर्वांत धर्मराज स्वर्गाच्या दाराशीं उभा राहून सोबतच्या कुत्र्यावांचून आंत जाण्यास नकार देतो. खंडोबाच्या मूर्तीजवळ कुत्रें असतें, दत्ताच्या पायांशीं चार असतात. असें असूनहि धर्मशास्त्रानें त्याला अपवित्र ठरविलें, आणि सोवळ्याच्या घरांत त्याचा पाय उंबऱ्याच्या आंत पडणें निषिद्ध झालें. नामदेवांच्या चरित्रांत पोळी घेऊन पळणाऱ्या कुत्र्यामागें तुपाची वाटी घेऊन धांवणारा भक्त आपण मोठ्या कौतुकानें वर्णितों. पण आपल्या घरांत तसें घडलें तर हातांत तुपाची वाटी येईल कीं काठी, हें प्रत्येकानें स्वतःलाच विचारावें.

ह्याच डहाणू-तलासरीच्या शेजारीं, आज गुजराथेंत असलेल्या संजाण येथें, पारशांचे पूर्वज प्रथम स्थिरावले अशी त्या समाजाची परंपरा सांगते. पुढें त्यांचेच धर्मबंधु इराणी ह्या किनाऱ्यावर आले आणि डहाणूच्या चिकूच्या वाड्यांशीं त्यांचें नांव कायमचें जोडलें गेलें. ह्या लोकांच्या धर्मांत कुत्र्याचें स्थान फार वरचें आहे. मृताच्या देहावर कुत्र्याची दृष्टि पाडण्याचा विधि त्यांच्यांत आहे, आणि वेंदिदाद ग्रंथांत कुत्र्याला वाईट अन्न घालणाऱ्यास शिक्षा सांगितली आहे. ही श्रद्धा केवळ ग्रंथांतच राहिली नाहीं. १८३२ च्या जून महिन्यांत मुंबई सरकारच्या हुकमानें मोकाट कुत्रीं मारण्याचें काम चाललें होतें व मारणाऱ्यास दर कुत्र्यामागें बक्षीस मिळत होतें. तारीख ६ रोजीं पारशांच्या एका जमावानें शिपायांवर हल्ला केला. दुसऱ्या दिवशीं दुकानें बंद राहिलीं आणि शहराचा व्यवहार अडला. त्या बंदांत पारशांबरोबर कांहीं हिंदु आणि जैनहि होते. एका मुक्या प्राण्यासाठीं मुंबईनें आपला बाजार बंद ठेवला, ही गोष्ट त्या शहराच्या इतिहासांत विसरण्याजोगी नाहीं.

परंतु महाराष्ट्रांतील श्वानसख्याचें खरें स्मारक पाहावयाचें तर साताऱ्याजवळ संगम माहुलीला गेलें पाहिजे. कृष्णा आणि वेण्णा ह्यांच्या संगमावर देवळें आहेत, राजघराण्यांतील समाध्या आहेत. आणि त्यांच्याच सोबतीला एका कुत्र्याची समाधि आहे. हा छत्रपति शाहूराजांचा कुत्रा. त्याचें नांव खंड्या असें सांगतात.

शाहूराजांचें आयुष्य डोळ्यांसमोर आणल्यावांचून ह्या समाधीचा अर्थ उमगत नाहीं. १६८९ सालीं रायगड मोंगलांच्या हातीं गेला तेव्हां हा मुलगा सात वर्षांचा होता. वडिलांचा वध त्याच वर्षीं झाला होता. पुढें अठरा वर्षें तो आई येसूबाईंसह औरंगजेबाच्या छावणीबरोबर फिरत राहिला. १७०७ मध्यें सुटका झाली ती आईला मागें ओलीस ठेवून. परत आल्यावर स्वागताला घरचीच लढाई उभी होती. १७०८ च्या जानेवारींत साताऱ्यास राज्याभिषेक झाला, आणि नंतरच्या एक्केचाळीस वर्षांत मराठ्यांचें राज्य नर्मदेपलीकडे पसरलें. त्या विस्ताराचें श्रेय पेशव्यांनीं आणि सरदारांनीं मिळविलें. राजाच्या वांट्याला आलें तें त्यांच्या भांडणांचा निवाडा करणें. जो दरबारांत येई तो कांहीं मागण्यासाठीं येई: कोणाला सरंजाम हवा, कोणाला वतन, कोणाला दुसऱ्याचें वतन.

ग्रँट डफनें १८२६ सालीं प्रसिद्ध केलेल्या आपल्या इतिहासांत ह्या कुत्र्याची हकीकत दिली आहे. वाघाच्या शिकारींत त्यानें राजाचे प्राण वांचविले. तेव्हां राजानें त्याच्या नांवें जहागिरीची सनद काढून दिली आणि पालखीचा मान दिला. पुढें दोन सरदार भेटीला यावयाचे असतां भर दरबारांत राजानें कुत्र्याला जरीचीं वस्त्रें आणि जवाहीर घातलें, व आपल्या डोक्यावरील पागोटें काढून त्याच्या डोक्यावर ठेविलें. त्यानंतर त्यानें स्वतः पुन्हां शिरोभूषण घातलें नाहीं. ग्रँट डफनें हा प्रसंग राजाच्या मनोविकाराच्या वर्णनांत घातला आहे, आणि आजवर बहुतेकांनीं तो तसाच वाचला.

त्यांत मनोविकार मुळींच नव्हता असें म्हणण्याचें धाडस मी करीत नाहीं. परंतु वेड्याच्या कृतींतहि कधीं कधीं शहाण्याला न सुचणारा अर्थ असतो. ज्यांनीं मागितलें त्यांना आयुष्यभर देत आलेल्या ह्या राजानें, ज्यानें कांहींच मागितलें नाहीं त्याला जहागीर दिली. ज्या पागोट्यासाठीं चुलतीशीं लढावें लागलें, ज्याच्या पायीं आई परमुलखांत राहिली, तें त्यानें अशाच्या डोक्यावर ठेविलें कीं ज्याला त्याचा मोह नव्हता. सरदारांना ह्यांत वेड दिसलें असेल. मला त्यांत एका थकलेल्या माणसाचा निःश्वास ऐकूं येतो. वाघाच्या तोंडीं जाण्यापूर्वीं खंड्यानें सनद मागितली नव्हती, एवढी एक गोष्ट राजाला पक्की ठाऊक होती. आणि इतक्या निश्चितपणें ठाऊक असलेली दुसरी गोष्ट त्याच्या दरबारांत क्वचितच असेल.

येथें रायगडावरील वाघ्याची आठवण होणें स्वाभाविक आहे. शिवरायांच्या चितेंत उडी घेणाऱ्या कुत्र्याची कथा घरोघरीं सांगितली जाते. १९३६ सालीं होळकरांच्या देणगीनें त्याचें स्मारक उभें राहिलें. समकालीन कागदांत ह्या कथेला आधार नाहीं, म्हणून तिच्यावर वाद माजला. २०१२ मध्यें पुतळा उखडला गेला आणि लगेच पुन्हां बसविला गेला. ह्या वादांत दोन्ही पक्षांनीं माहुलीकडे एकदां पाहावें असें वाटतें. इतिहासाला दंतकथेचें ऋण काढावयाचें कारण नाहीं. आणि दंतकथा नाकारतांना श्वानाच्या निष्ठेचा उपहास करण्याचेंहि कारण नाहीं. लोकांनीं ही कथा उराशीं धरली, कारण तसें कुत्रें प्रत्येकानें आपल्या आळींत पाहिलेलें असतें.

२०१५ सालीं जपानी शास्त्रज्ञांनीं एक प्रयोग प्रसिद्ध केला. कुत्रें आणि त्याचा धनी एकमेकांच्या डोळ्यांत कांहीं वेळ पाहत राहिले, तर आई आणि तान्हें मूल ह्यांच्यांत जें वात्सल्याचें द्रव्य वाढतें तेंच दोघांच्याहि शरीरांत वाढतें, असें त्यांना आढळलें. शास्त्रानें हें आतां मोजलें; माहुलीच्या दगडानें तें अडीचशें वर्षांपूर्वींच सांगून ठेविलें होतें. कुत्र्याचें आयुष्य मात्र दहा-पंधरा वर्षांचें. जो त्याला घरांत घेतो तो त्याच्या मरणाचें दुःखहि त्याच दिवशीं घरांत घेतो, आणि हें ठाऊक असूनहि माणसें चौदा हजार वर्षें तेंच करीत आलीं आहेत.

माहुलीला खंड्याची समाधि आहे. कैनाडच्या अंगणांतील कुत्र्याला कोणी समाधि बांधणार नाहीं, आणि त्याची तशी अपेक्षाहि नाहीं. धनी रात्रीं जेवून उठतांना भाकरीचा अर्धा तुकडा हातांत राखतो, अंधारांत एक हांक मारतो, आणि कोठूनसे चार पाय धांवत येतात. राजाची सनद जेवढें सांगत होती, तेवढेंच हा तुकडाहि सांगतो.