तृतीय रत्न : वारशाविना परंपरा

मराठी नाटकाच्या इतिहासाची मांडणी १८४३ साली सांगलीत झालेल्या विष्णुदास भाव्यांच्या ‘सीतास्वयंवरा’पासून करण्याचा प्रघात आहे. तेथून विनायक जनार्दन कीर्तन्यांच्या ‘थोरले माधवराव पेशवे’ (१८६१) या नाटकाकडे आणि पुढे किर्लोस्करांच्या ‘शाकुंतला’कडे (१८८०) ही रेषा सरळ जाते. १९७९ मध्ये ‘पुरोगामी सत्यशोधक’ या नियतकालिकातून जोतीराव फुले यांचे ‘तृतीय रत्न’ (१८५५) प्रथमच छापले गेले आणि ही रेषा मोडली. आधुनिक, स्वतंत्र, सामाजिक आशयाचे पहिले मराठी नाटक कोणते, या प्रश्नाचे उत्तर बदलले. मात्र या बदलात एक गफलत संभवते. सव्वाशे वर्षे कोणी न पाहिलेली आणि फारशी कोणी न वाचलेली संहिता परंपरेच्या आरंभी ठेवली, की नंतरचे सारे तिच्यातून उगम पावले असा आभास निर्माण होतो. ‘तृतीय रत्ना’चे ऐतिहासिक महत्त्व त्याच्या प्रभावात नसून त्याच्या अभावात आहे, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे.

नाटक लिहिले तेव्हा जोतीरावांचे वय अवघे अठ्ठावीस होते. मुलींची शाळा काढून सात वर्षे लोटली होती. सत्यशोधक समाजाची स्थापना अठरा वर्षे दूर होती. नाटकाचे कथानक साधे आहे. एक जोशी गरोदर कुणबी स्त्रीच्या घरी येतो, ग्रहांची पीडा सांगून तिच्या मनात पोटातल्या जीवाविषयी भय निर्माण करतो आणि अनुष्ठान व ब्राह्मणभोजन यांच्या निमित्ताने त्या गरीब जोडप्याला खर्चात लोटतो. विदूषक मधूनमधून बोलत राहतो आणि जोशाच्या प्रत्येक चलाखीवर बोट ठेवतो. पुढे एका पाद्र्याशी त्या जोडप्याचा संवाद होतो, फसवणूक उमगते आणि जोतीराव-सावित्रीबाईंच्या शाळेत शिकावयास जाण्याच्या निश्चयाशी नाटक संपते. जोशी येथे केवळ लोभी व्यक्ती म्हणून येत नाही. पंचांग वाचता येणे हीच त्याची सत्ता आहे. कुणब्याचे दैव ज्या कागदावर लिहिले आहे असे सांगितले जाते, तो कागद कुणब्याला वाचता येत नाही. म्हणून नाटकाचा शेवट जोशाच्या शिक्षेत न होता शाळेच्या दिशेने होतो. सूडाचा शेवट प्रेक्षकाला समाधान देऊन घरी पाठवतो. हा शेवट त्याला काम देतो.

हे नाटक जोतीरावांनी दक्षिणा प्राइझ कमिटीकडे पाठविले. पेशवाईत ब्राह्मणांना वाटल्या जाणाऱ्या दक्षिणेचा निधी इंग्रजी अमलात मराठी ग्रंथांच्या उत्तेजनाकडे वळविण्यात आला होता. दक्षिणेच्याच पैशातून, दक्षिणा उकळणाऱ्या जोशाविरुद्धच्या नाटकाला बक्षीस मागितले जात होते, यातील उपरोध लेखकाच्या लक्षात आला नसेल असे मानणे कठीण आहे. कमिटीने नाटक नाकारले. भट सभासदांच्या आग्रहापुढे युरोपियन सभासदांचे काही चालले नाही, असा निर्वाळा जोतीरावांनी ‘गुलामगिरी’त (१८७३) दिला आहे. पुस्तक बाजूला ठेवून काही वर्षांनी ‘ब्राह्मणांचे कसब’ (१८६९) आपण स्वखर्चाने छापले, हेही ते तेथेच नोंदवितात.

या नकाराचा परिणाम एका पुस्तकापुरता राहिला नाही. जोतीरावांनी पुन्हा नाटक लिहिले नाही. ते पोवाडा, अखंड आणि गद्य निबंध यांकडे वळले. तथापि नाटक सुटले तरी संवाद सुटला नाही. ‘गुलामगिरी’ची रचना जोतीराव आणि धोंडीराव यांच्या प्रश्नोत्तरांची आहे, ‘सार्वजनिक सत्यधर्म पुस्तका’तही (१८९१) तीच पद्धती दिसते. विचार एकाने सांगावयाचा नसून दोघांनी बोलता बोलता गाठावयाचा असतो, ही मूलतः नाटकाची रीत त्यांच्या गद्यात टिकून राहिली. फुल्यांच्या गद्याला ओबडधोबड म्हणणाऱ्या समीक्षेने ते गद्य मोठ्याने वाचण्यासाठी लिहिलेले आहे, याची पुरेशी दखल घेतली नाही.

जोतीरावांच्या पश्चात, विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांत, सत्यशोधक जलसे बहराला आले. त्यांनी तमाशाचा सांगाडा घेतला. गणाचा अर्थ बदलला, गवळणीतला शृंगार मागे सारला आणि वगात भट, सावकार व कुणबी यांना समोरासमोर उभे केले. पुढे आंबेडकरी जलशांनी, विशेषतः नाशिकच्या भीमराव कर्डकांच्या जलशाने, हाच सांगाडा अस्पृश्यांच्या लढ्यासाठी वापरला. ‘तृतीय रत्ना’शी या जलशांचे साम्य थक्क करणारे आहे : तोच फसवणारा भिक्षुक, तेच भाबडे जोडपे, विदूषकाच्या जागी सोंगाड्या आणि शेवटी शिक्षणाचा तोच उपदेश. परंतु जलसाकारांपुढे जोतीरावांचे विचार होते, त्यांचे हे नाटक नव्हते. साम्याचे कारण उसनवारीत शोधता येत नाही. ते परिस्थितीच्या सातत्यात शोधावे लागते. जोशी तोच राहिला, म्हणून त्याच्याविरुद्धचा खेळ पुन्हा पुन्हा नव्याने रचावा लागला.

या खेळाचा प्रेक्षक कोठे होता, हा प्रश्न येथे उपस्थित होतो. तो कमिटीच्या टेबलापाशी नव्हता, जत्रेत होता. आषाढी एकादशीला पिंप्राळ्यात रथ ओढणारा समुदाय किंवा खानदेशातील यात्रांत तमाशाच्या कनातीपुढे बसणारा शेतकरी, हाच ‘तृतीय रत्ना’चा उद्दिष्ट प्रेक्षक होय. त्याच्यापर्यंत जाण्याचा मार्ग जलशाला ठाऊक होता. नाटकाने मात्र आपला मार्ग छापखान्याच्या आणि सरकारी मान्यतेच्या दारातून आखला, आणि ते दार त्याच्यापुढे बंद झाले.

या संदर्भात खानदेशातीलच एक विरोधी उदाहरण उद्बोधक ठरेल. असोद्यात जन्मलेल्या आणि जळगावात संसार केलेल्या बहिणाबाई चौधरींना अक्षरओळख नव्हती. त्यांची गाणी जात्यावर आणि शेतात म्हटली गेली, घरच्यांनी ऐकली, टिपून ठेवली आणि त्यांच्या निधनानंतर १९५२ मध्ये ग्रंथरूपाने आली. एक रचना अलिखित असून ऐकली गेली, म्हणून वाचली. दुसरी लिखित असून ऐकलीच गेली नाही, म्हणून गाडली गेली. लिखिताला स्थैर्य आणि मौखिकाला नश्वरता बहाल करणारी आपली रूढ विभागणी येथे उलटी पडते. टिकून राहणे हे माध्यमावर अवलंबून नसते; ऐकणारे कोणी आहे की नाही, यावर असते.

हीच गोष्ट वंशभेदी दक्षिण आफ्रिकेतील रंगभूमीशी तुलना केल्यास अधिक स्पष्ट होते. ॲथोल फुगार्ड यांनी जॉन कानी आणि विन्स्टन न्ट्शोना या तरुण कृष्णवर्णीय नटांसह ‘सिझ्वे बांझी इज डेड’ रचले आणि १९७२ मध्ये केपटाउनच्या स्पेस थिएटरमध्ये ते सादर झाले. त्यातील नायकाला शहरात राहण्याचा परवाना नाही. आपल्या पासबुकात काय लिहिले आहे, हे त्याला मित्राकडून वाचून घ्यावे लागते. अखेर एका मृत माणसाचे पासबुक आणि नाव स्वीकारून तो जगण्याचा हक्क मिळवितो. पंचांग आणि पासबुक यांत देशाचे व काळाचे अंतर मोठे आहे. एकामागे धर्म आहे, दुसऱ्यामागे शासन. पण निरक्षर माणसाचे दैव दुसऱ्याच्या हातातील कागदात कोंडणे, ही दोहोंमागची युक्ती एकच आहे. भेद आहे तो नाटकांच्या नशिबात. तेथे प्रयोग आधी आकारला आणि संहिता नंतर, १९७४ मध्ये, छापली गेली; नटांच्या देहात ते नाटक आधीच जिवंत होते. ‘तृतीय रत्ना’ला नट मिळण्यापूर्वीच परीक्षक भेटले.

आता १९७९ कडे परत येता येईल. ‘तृतीय रत्न’ प्रकाशित झाले तेव्हा त्याची वाट पाहत कोणी थांबलेले नव्हते. म. भि. चिटणीस यांचे ‘युगयात्रा’ त्यापूर्वीच रंगमंचावर आले होते. प्रेमानंद गज्वी यांची ‘घोटभर पाणी’ ही एकांकिका १९७७ मध्ये आली होती. दलित रंगभूमीने आपला पूर्वज सापडण्यापूर्वीच आपले पाय रोवले होते. पूर्वज नंतर सापडला आणि त्याचा चेहरा ओळखीचा निघाला. या ओळखीला वारसा म्हणणे सोयीचे असले, तरी त्यामुळे मधल्या सव्वाशे वर्षांची जबाबदारी पुसली जाते. ‘पहिले नाटक’ हा मान देऊन आपण जोतीरावांचा गौरव करतो. परंतु ते नाटक नाकारणाऱ्या, न छापणाऱ्या, न खेळणाऱ्या व्यवस्थेचा इतिहास मात्र लिहावयाचा टाळतो.

नाट्येतिहासाने म्हणूनच झालेल्या प्रयोगांबरोबर न होऊ दिलेल्या प्रयोगांचीही नोंद ठेवावयास हवी. गो. पु. देशपांडे यांचे ‘सत्यशोधक’ हे नाटक २०१२ मध्ये अतुल पेठे यांच्या दिग्दर्शनाखाली पुणे महापालिकेच्या सफाई कामगारांनी उभे केले, तेव्हा जोतीरावांचे बोलणे ज्यांच्यासाठी होते त्यांच्याच तोंडून ते ऐकू आले. त्याच पुण्यात १८५५ साली हे घडू शकले नाही. ते का घडले नाही, या प्रश्नाचे उत्तर देणारा मराठी रंगभूमीचा इतिहास हाच ‘तृतीय रत्ना’ला न्याय देणारा इतिहास ठरेल.